कल्याणीची पत्रिका आणि हिरवा माळ

साहेब, हे काम तुमचं आहे. तुमचं नाव आम्हाला माहीत नाही, कारण परिपत्रकाच्या तळाला जिथे नाव असायला हवं तिथे कोंबडीने शाईत पाय बुडवून दोन पावलं टाकावीत तशी सही आहे आणि सहीखाली 'करिता' असा शब्द आहे. म्हणजे सहीसुद्धा तुमची नाही, तुमच्याकरिता दुसऱ्याच कुणी ठोकलेली. पण परिपत्रक तुमचं. दोन हजार तीन सालच्या एप्रिलात मंचरच्या राजरत्नच्या दुकानातल्या चालत्या, धडधाकट, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम घुसली ती तुमच्यामुळे. पुढे महाळुंगे पडवळच्या मांडवात जे झालं तेही तुमच्यामुळे. राजरत्न म्हणतो, चूक माझी. तो भला माणूस आहे. आम्ही, त्याच्या दुकानात उठबस करणारे, तेवढे भले नाही.

तर परिपत्रकात असं होतं: 'कार्यालयाच्या यादीवरील सर्व टंकलेखन केंद्रांनी दिनांक १५ एप्रिलपूर्वी आपली संगणक प्रणाली अद्ययावत करून तसे निवेदन नव्या प्रणालीतच सादर करावे. अन्यथा नाव यादीतून कमी करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.'

राजरत्नने नोंद घेतली. दुसरं काय करणार? एस.टी. स्टँडच्या मागे त्याचं दहा बाय आठचं 'संगम डीटीपी'. पाटीवर दुकानाचं नाव बारीक आणि त्याखाली 'कार्यालयीन यादीवरील टंकलेखन केंद्र' ही ओळ दुप्पट जाड, तीही लाल रंगात. यादीवर असून सरकारी कामं किती यायची ते विचारू नका. वर्षाकाठी चार नोटिसा आणि एक वृक्षारोपणाचा अहवाल. पण हायवेवरून जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हरदेखील वेग कमी झाला की ती लाल ओळ वाचतो, अशी राजरत्नची समजूत होती आणि तिच्यावर तो ताठ मानेने जगत होता.

खरं काम लग्नपत्रिकांचं. त्यात मात्र तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. बौद्धांच्या पत्रिकेवर तथागत आणि बाबासाहेब कुठे घ्यायचे, धनगरांच्या पत्रिकेवर खंडोबा आधी की बिरोबा, कुठल्या भावकीत थोरल्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलं तर मांडवात काठ्या निघतात, हे सगळं त्याला पाठ. आणि जे पाठ नव्हतं ते कॉम्प्युटरात. प्रत्येक घराची एक फाईल. घरातलं माणूस गेलं की पुढच्या पत्रिकेची वाट न पाहता राजरत्न त्याच आठवड्यात फाईल उघडायचा. हिंदूंचं घर असेल तर 'श्री.' काढून 'कै.' घालायचा, बौद्धांचं असेल तर 'आयु.' काढून 'कालकथित'. 'आयु.' म्हणजे आयुष्मान, जिवंत माणसाच्या नावाआधी लावायचं. महाळुंग्यात कोण गेलं हे तलाठ्याच्या दप्तराआधी 'संगम डीटीपी'ला कळलेलं असायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे स्वतःचे दाजी गेले. सोपान धोंडिबा रोकडे, थोरल्या बहिणीचे मालक, सरकारी रस्त्याची डागडुजी करणारे मैलकुली होते. तेव्हाही राजरत्नने फाईल उघडली. 'आयु.' पुसायला एका बोटाचं काम असतं. त्याला सकाळचे अकरा ते दुपारचा एक एवढा वेळ लागला, आणि दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्याने 'लाईट नाही' म्हणून परत पाठवलं, डोक्यावर पंखा फिरत असताना.

आता त्या दाजींच्या धाकट्या मुलीचं, कल्याणीचं, लग्न ठरलं होतं. अठरा मे, रविवार, महाळुंगे पडवळ. पत्रिका मामाकडून, हे सांगायलाच नको. बहीण बनाबाई मार्चमध्ये दुकानात येऊन बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "राजू, मला वाचाय येत न्हाई. तुला काय डिझाईन घालायचं ते घाल. मोर घाल, हत्ती घाल. फकस्त ह्यांचं नाव नीट घाल. बापाबिगर पोरगी उजवतीय, निदान कागदावर तरी त्यो नीट उभा पायजे."

"आक्का, तू काळजी करू नको. हे काय मला सांगायला पाहिजे?"

राजरत्नने पत्रिका तयार केली, आक्काला वाचून दाखवली. 'आयु. बनाबाई व कालकथित सोपान धोंडिबा रोकडे यांची कनिष्ठ कन्या' इथे आल्यावर आक्काने मान हलवली. झालं. पत्रिका कॉम्प्युटरच्या 'डी' कप्प्यात जाऊन बसली, फक्त छापायची राहिली. एवढ्यात तुमचं परिपत्रक आलं.

आता सल्ले सुरू झाले. शेजारच्या झेरॉक्सवाल्या सयाजीचं म्हणणं, नवी सिस्टीम लई भारी, पुण्यात सगळ्यांनी घातली. पुण्यात सगळ्यांनी म्हणजे त्याच्या मेहुण्याने. घरून बायकोचा, स्नेहाचा, सल्ला असा होता, "अहो, लग्न होऊ द्या, मग काय ते करा. दळण चालू असताना जात्याची तळी कुणी बदलतं का?" हा सल्ला बरोबर होता. म्हणूनच तो कुणी ऐकला नाही. आणि जानकूबाबा म्हणाले, "भाऊ, चाललंय त्याला बोट लावू नगंस."

जानकूबाबांची ओळख द्यायला हवी. वय पंचाहत्तर, हयात मेंढरांमागे गेली, आता पोरांनी मेंढरं विकून बटाटे लावले. बटाट्यांमागे चालावं लागत नाही, म्हणून बाबांना दिवसभर करायला काही उरलं नाही. ते रोज एस.टी.ने मंचरला यायचे, राजरत्नच्या दुकानातल्या लोखंडी खुर्चीवर बसायचे आणि कॉम्प्युटर राखायचे. राखायचे हाच शब्द बरोबर. काठी दोन गुडघ्यांत, हनुवटी काठीवर आणि नजर पडद्यावर.

पाच एप्रिलला दत्ता आला. दत्ता टीव्ही, मिक्सर, बोअरची मोटर आणि कॉम्प्युटर, चारही दुरुस्त करतो आणि चौघांनाही एकाच पेचकसाने उघडतो. त्याने रुमालात गुंडाळलेली सीडी बाहेर काढली. सीडीचा पंचवीस अक्षरी नंबर बिस्किटाच्या पुड्याच्या आतल्या बाजूला लिहिलेला होता.

"किती वेळ लागंल दत्ता?"

"चाळीस मिनिटं. च्या सांगा."

चहा आला, गेला. पडद्यावर अक्षरं उमटली: एकोणचाळीस मिनिटं बाकी. दुसरा चहा झाला. एकोणचाळीस मिनिटं बाकी. सयाजी येऊन पाहून गेला. समोरच्या सलूनमधून अर्ध्या गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईकही पाहून गेलं. एकोणचाळीस मिनिटं बाकी.

जानकूबाबा म्हणाले, "दत्ता, मेंढी अडली का आमी हात घालून कोकरू फिरवून घ्यायचो. तुझ्यात तशी काय सोय हाय का?"

"बाबा, ह्यात हात नाय घालता येत."

"मग तू कशाला आलायस?"

एकोणचाळीसचे अडतीस झाले आणि लाईट गेली. यूपीएसने सात मिनिटं जीव धरला, नंतर एक लांब किंकाळी मारून तोही गेला. भारनियमनाचं वेळापत्रक फळीवर चिकटवलेलं होतं, पण ते आठवड्यातून दोनदा बदलतं आणि बदललेलं कळवायची पद्धत आपल्याकडे नाही. संध्याकाळी चारला पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी सहाच्या सुमाराला गोड आवाज झाला आणि पडदा उजळला. आता राजरत्नचं पहिलं मत सांगायला हवं, कारण ते खोटं सांगण्यात अर्थ नाही: त्याचे डोळे निवले. निळं आभाळ, पांढरे ढग आणि खाली हिरवागार उताराचा माळ. कुठे खांब नाही, तार नाही, प्लॉट विकणे आहेचा बोर्ड नाही. एप्रिलच्या मंचरात, जिथे तोंड उघडलं तर धूळ आणि डिझेल आत जातं, तिथे हा माळ.

"घाटघर हाय हे," सयाजीने निकाल दिला. "नाणेघाटाच्या आलीकडचं पठार. श्रावणातलं. मी गेलोय."

"घाटघर असतं तर दाजींनी ओळखलं असतं," राजरत्न म्हणाला. दाजींची निम्मी नोकरी जुन्नर-घाटघर रस्त्यावर गेली होती.

जानकूबाबा उठून जवळ आले. काठीने काच न फोडता जेवढं जवळ जाता येईल तेवढं गेले. बराच वेळ पाहून म्हणाले, "खोटं हाय."

"का हो बाबा?"

"येवढं गवात आन् येक मेंढरू न्हाई? लेंडी बी न्हाई. ह्या रानात कायतरी वंगाळ हाय, म्हनून कुनी जनावर घालत न्हाई. भाऊ, तू बी जाऊ नगंस."

सगळे हसले. राजरत्न सगळ्यांत जास्त हसला. ते हसू त्याला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडलं, माळावर नजर टाकली आणि 'डी' कप्पा उघडायला गेला. डी नव्हता. पडद्यावरची बटणं बालवाडीच्या भिंतीवरच्या फळांसारखी गुबगुबीत आणि रंगीत झालेली. त्यांच्यात तो अर्धा तास हिंडला. नऊ वर्षं ज्या घरात डोळे मिटून फिरत होता त्या घरात आज त्याला मोरी कुठे ते विचारावं लागत होतं. मग त्याने दत्ताला फोन केला.

"दत्ता, डी कुठंय?"

"कसला डी?"

"अरे, माझा डी! फायली! नऊ वर्षांच्या!"

पलीकडे बोअरची मोटर सुरू झाली, बंद झाली. मग दत्ता म्हणाला, "बॅकअप घेतला असंल ना तुमी?"

हा प्रश्न लोक नेहमी नंतर का विचारतात, यावर कुणीतरी एखादं परिपत्रक काढावं.

राजरत्नने हार मानली नाही. नव्या सिस्टीममध्ये हरवलेली वस्तू शोधायची सोय होती. त्याने ती दाबली. तर पडद्याच्या कोपऱ्यातून एक पिवळं कुत्रं चालत आलं, बसलं आणि शेपूट हलवायला लागलं. काय शोधू, असं विचारलं. राजरत्नने 'रोकडे' लिहिलं. कुत्र्याने कान खाजवला, एका पुस्तकाची पानं उलटली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दहा मिनिटांनी सांगितलं, काही सापडलं नाही. आणि पुन्हा शेपूट.

जानकूबाबांना हे सहन झालं नाही. माळावरून सगळे हसले ते त्यांनी ऐकून घेतलं होतं, पण कुत्रा हा त्यांचा विषय.

"नाक बघ की त्याचं! येकदा तरी भुईला लावलं का? बसल्या जागी हुडकतंय! भाऊ, असलं कुत्रं आमी तळावर येक दिस ठिवलं नसतं. लांडगा समोर आला तर ह्ये त्याला पुस्तक वाचून दावंल."

"बाबा, तुम्ही जरा गप बसा."

"मी गप बसतो. पर तुझी मेंढरं गेली, येवढं ध्यानात घे."

नऊ वर्षांची गावं गेली, साहेब. कोणाच्या घरात कोण आहे आणि कोण नाही, ते सगळं. आणि त्यात कल्याणीची पत्रिका.

पुढचा आठवडा कसा गेला ते थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यात गेला नाही. मराठी फॉन्ट पुन्हा घातले तर वेलांट्या अक्षर सोडून शेजारच्या घरात जाऊन बसायला लागल्या. जानकूबाबांच्या नातीच्या, सुप्रियाच्या, साखरपुड्याचा मजकूर करून ठेवावा म्हटलं, तर सगळ्यांत वर जिथे पिवळ्या भंडाऱ्यात देवाचं चित्र यायचं तिथे टेलिफोन आला. काळा, जुना, चकतीवाला. बाबांनी तो पाहिला. म्हणाले, "बिरोबाला फोन करून बोलवायचं हाय का?" राजरत्नने तीनदा काढला, तीनदा आला. मधूनच सगळं थिजायचं आणि एक पाटी यायची: चूक झाली आहे, ही चूक कंपनीला कळवायची का? राजरत्नने दर वेळी 'कळवा' दाबलं. फोनची तार कॉम्प्युटरला जोडलेलीच नव्हती हे त्याला अकराव्या तक्रारीनंतर सयाजीने सांगितलं.

आणि प्रिंटर. नऊ वर्षं एका टेबलावर खांद्याला खांदा लावून काम केलेला प्रिंटर, नव्या सिस्टीमने त्याला ओळखच दाखवली नाही. वर विचारते कशी, हे कोणतं उपकरण? दत्ता म्हणाला, ह्याचा ड्रायव्हर मिळत नाही. बाबा म्हणाले, स्टँडवर बघ, पाच-सात बसले असतील तंबाखू मळत.

पंधरा एप्रिलला राजरत्न तुमच्या कार्यालयात गेला. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन, हातात निवेदनाची फ्लॉपी. निवेदन नव्या प्रणालीत केलेलं, तुमच्या हुकुमाप्रमाणे. छापून आणता आलं नव्हतं, कारण प्रिंटर रुसलेला. साडेदहाला गेला. टेबलावरच्या बाबूंनी पावणेदोनला फ्लॉपी घेतली, कॉम्प्युटरात घातली, मान वाकडी करून पाहिलं आणि बाहेर काढली.

"उघडत नाही."

"नव्या सिस्टीममधली आहे, साहेब. परिपत्रकात तसंच…"

"हो, पण आमच्याकडं जुनीच आहे ना. जुन्यात करून आणा."

"पण परिपत्रक तुमचंच आहे!"

"परिपत्रक वरून आलंय. कॉम्प्युटर वरून अजून आला नाही."

"मग मी काय करू?"

"आज पंधरा तारीख. पाचपर्यंत आणा. नाहीतर निवेदन मिळालं नाही असा शेरा पडेल."

मंचरमध्ये जुनी सिस्टीम शोधत राजरत्न उन्हातून चार दुकानं फिरला. दोन ठिकाणी त्याच परिपत्रकामुळे नवी घातलेली, एक बंद, आणि चौथ्याकडे लाईट नव्हती. पाच वाजले. शेरा पडला. आठ दिवसांनी सयाजीने शिडी धरली आणि राजरत्नने पाटीवरच्या लाल ओळीवर स्वतःच्या हाताने पांढरा रंग मारला. लाल रंग हट्टी असतो, दोन हात मारूनही खालून दिसत राहिला. राजरत्न म्हणाला, राहू दे.

पण ते नंतर. पंधराच्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा स्नेहा उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात निळी फ्लॉपी. मुलांच्या जुन्या वह्यांच्या पेटीत सापडलेली. वर त्याच्याच अक्षरात: 'आक्का – थोरलीचं लग्न – ९९'.

"ह्यात असंल का हो काही?" तो तसाच दुकानात परत गेला आणि फ्लॉपी घातली.

होतं. सगळं होतं. कल्याणीच्या थोरल्या बहिणीची चार वर्षांपूर्वीची पूर्ण पत्रिका, मोरासकट. राजरत्नचा जीव भांड्यात पडला. लग्न महिन्यावर, प्रेसवाला म्हणतोय उद्या द्याल तर वीस तारखेला देतो, नाहीतर मेमध्ये माझ्याकडे श्वास घ्यायला जागा नाही. त्याने मुलीचं नाव बदललं, मुलाचं बदललं, त्याचं गाव बदललं, तारीख, वार, वेळ बदलली. उडालेल्या वेलांट्या एकेक धरून आणून जागेवर बसवल्या. सासरकडची पंधरा नावं नवी घातली, एकही वरखाली न करता. हे सगळं करताना त्याच्या डोक्यात दिवसभराचा तो बाबू बसलेला होता आणि त्याला काय काय उत्तर देता आलं असतं ते चाललं होतं. वर आक्काचं आणि दाजींचं नाव होतं. त्याने ते पाहिलं. बरोबर होतं. धोंडिबा बरोबर, रोकडे बरोबर. त्या दोन नावांवरून त्याची नजर इतकी वर्षं सरळ जात आली होती, तशीच गेली.

एरवी तो बटर पेपरवर प्रिंट काढायचा, ती भिंतीला लावून पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचायचा, मगच प्रेसला द्यायचा. या खेपेला प्रिंटच नव्हती. फ्लॉपी नारायणगावच्या प्रेसवर गेली. पत्रिकेची फाईल जुन्या सिस्टीमची आणि तिथेही सगळं जुनंच, त्यामुळे झटक्यात उघडली. वीस तारखेला पाचशे पत्रिका आल्या. सोनेरी मोर, लाल अक्षर. राजरत्नने एक उचलून वास घेतला. वाचली नाही. डोंगराकडच्या गावांना टपाल उशिरा पोचतं म्हणून बनाबाईने कल्याणीकडून वहीत लिहून घेतलेले लांबचे बावीस पत्ते घातले आणि त्या आधी टपालपेटीत टाकल्या. उरलेल्या घेऊन महाळुंग्याला गेला.

पहिली पत्रिका विहारात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या पुढे ठेवायची. त्याआधी बनाबाई म्हणाली, "कल्याणे, वाच गं. मामानं काय केलंय बघू."

कल्याणी वाचायला लागली. "आयुष्मती बनाबाई व आयुष्मान सोपान धोंडिबा…" आणि थांबली.

"काय झालं?"

"काही नाही, आई."

"मग वाच की. अडाणी मी हाय, तू न्हाईस."

कल्याणीने मामाकडे पाहिलं. राजरत्नने पत्रिका तिच्या हातातून घेतली. नऊ वर्षांत दुसऱ्यांच्या पत्रिकेतली किती भांडणं त्याने एका नजरेत टिपली होती. ही टिपायला त्याला पाच दिवस लागले.

"आक्का, चुकलं. जुनी पत्रिका होती. कालकथित घालायचं राहिलं."

"म्हंजी आता कसं लिव्हलंय?"

राजरत्न म्हणाला, "दाजी असल्यासारखं."

बनाबाई भिंतीला टेकली. मोठ्याने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती कल्याणीला म्हणाली, "परत वाच."

कल्याणीने वाचलं.

"परत येकदा."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर बनाबाईने डोळ्याला पदर लावला, नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता पेन घे आन् सुधार समदं. लोक नावं ठेवतील. राजू, तुला येकच गोष्ट सांगितली व्हती." एक पत्रिका तिने उचलली आणि पेटीत साडीच्या घडीखाली घातली. "ही राहू दे."

मग राजरत्न बसला. एक पत्रिका आक्काच्या पेटीत, बावीस टपालात, उरल्या चारशे सत्त्याहत्तर. प्रत्येकीवर 'आयु.' खोडायचं आणि वर बारीक अक्षरात 'कालकथित' लिहायचं. जे दोन वर्षांपूर्वी एकदा करताना त्याचे दोन तास गेले होते ते त्याने चारशे सत्त्याहत्तर वेळा केलं. आपल्याच दाजीला चारशे सत्त्याहत्तर वेळा मारलं. तिसऱ्या दिवशी बोटाला घट्टा पडला.

आणि ते बावीस? तो पोस्टात गेला. पोस्टमास्तर म्हणाले, पेटीत पडलं की टपाल तुमचं नाही, खात्याचं. परत मागायचा फॉर्म आहे, पण तो संपलाय. राजरत्नने बावीस पोस्टकार्डं लिहिली, चूक झाली म्हणून. एकवीस पोचली.

अठरा मेला महाळुंग्यात मांडव गच्च. बँजो वाजतोय, मोगऱ्याचा वास, माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करतंय. राजरत्न मामा म्हणून फेटा बांधून फिरत होता. त्याला दिसलं, पुढच्या रांगेत एक म्हातारा बसलाय. काळासावळा, हाडकुळा, धुतलेलं पांढरं धोतर. शेजारच्या खुर्चीवर त्याने आपली टोपी ठेवलीय आणि मांडीवर पानांचा मोठा द्रोण, वरून फडकं बांधलेलं.

"पावणं, कुठले?"

"घाटघर. मी गेणभाऊ. दोन येष्ट्या बदलून आलो, राव. पहाटंच निगालो."

"ही टोपी जरा उचलता का? बायामाणसं उभी आहेत."

"ती जागा धरलीय," गेणभाऊ म्हणाले. "सोपानची. आमी अकरा वर्सं येका रस्त्यावर खडी टाकली. पाच-सा वर्सं गाठ न्हाई. मांडवाच्या गडबडीत असंल, येऊ द्या त्याला सवडीनं. करवंदं आनलीत त्याला. लई आवडायची. काळी काळी येचून आनलीत."

राजरत्न त्यांच्या पायाशी खाली बसला, फेट्यासकट. बँजोमुळे त्याला ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्याने.

धोतराच्या सोग्यातून गेणभाऊंनी प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून पत्रिका. घडी न पडलेली, मोर जसाच्या तसा. जाड नखाचं बोट त्यांनी बरोबर त्या ओळीवर ठेवलं. "मास्तरकडनं वाचून घेतली मी. दोनदा. आयुष्मान हाय म्हनला. मी म्हनलं, बरं हाय गडी." मग राजरत्नकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर सोपं होतं. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग ही धाडली कुनी?"

राजरत्नपाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. परिपत्रक, सीडी, डी, कुत्रं, ड्रायव्हर, बाबू. त्यातलं एकही त्या म्हाताऱ्यासमोर सांगण्याजोगं नव्हतं. गेणभाऊंनी टोपी उचलून डोक्यावर घातली, द्रोण राजरत्नच्या हातात दिला आणि खुर्ची मोकळी केली.

साहेब, त्या म्हाताऱ्याला उत्तर मिळालेलं नाही. ते राजरत्न देऊ शकत नाही. तुम्ही द्या. ती पत्रिका कुणी धाडली? लेखी कळवा, पत्ता मुक्काम घाटघर, तालुका जुन्नर, आणि खाली सही स्वतःची करा. या खेपेला 'करिता' नको.